खंदकाची रेषा किती जाड?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने काढलेले खंदकांचे नकाशे आता संगणकाच्या पडद्यावर, आजच्या नकाशावर किंवा उपग्रहचित्रावर बसवलेले पाहायला मिळतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१५ ते १९१८ या काळातील असे नकाशे सर्वांसाठी खुले केले आहेत. पडद्यावरची एक पट्टी सरकवली की जुना नकाशा हळूहळू फिका होत जातो आणि त्याखालून आजची शेते, रस्ते, घरे वर येतात. शंभर वर्षांपूर्वीची नागमोडी लाल रेषा एखाद्या कारखान्याच्या आवारातून किंवा गव्हाच्या शेतातून जाताना दिसते. इतिहास, भूगोल आणि गणित हे तीन विषय एका चित्रात आणणारी साधने फार नाहीत. हे त्यांपैकी एक आहे.

शिक्षकांच्या एका शिबिरात मी ते दाखवले. सगळे रंगून गेले होते. शेवटी एका शिक्षिकेने विचारले, "सर, ही रेषा जिथे दिसते तिथेच खणलं तर खंदक सापडेल का?" मी म्हणालो, "सापडेल की!" घरी परतताना लक्षात आले, की आपण विज्ञानशिक्षकाला न शोभणारे उत्तर दिले. कुठल्याही मोजमापाबद्दल पहिला प्रश्न 'किती?' असतो आणि दुसरा 'कितपत खात्रीने?' असा. पडद्यावरच्या त्या देखण्या चित्रात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिसत नाही. नकाशावर नकाशा बसवण्याच्या या पद्धतीची पारख करायची, तर सुरुवात येथूनच करायला हवी.

सहा खुणांचा पत्ता

आधी मूळ नकाशे समजून घेऊ. तोफखाना, पायदळ आणि विमाने या सर्वांना एकच जागा एकाच पद्धतीने सांगता यावी म्हणून ब्रिटिशांनी नकाशांवर यार्डांची जाळी आखली. आधाराला होती बेल्जियमच्या १:४०,००० प्रमाणाच्या नकाशांची पत्रके. तीच रचना उत्तर फ्रान्सवर वाढवली गेली. प्रत्येक पत्रकाला क्रमांक होता. पत्रकाचे ए ते एक्स अशी अक्षरे दिलेले २४ भाग, सहा-सहाच्या चार ओळींत. प्रत्येक भाग ६,००० यार्ड रुंद. त्यात १,००० यार्ड बाजूचे चौरस. वरच्या आणि खालच्या ओळींतील भागांत ३०, मधल्या दोन ओळींतील भागांत ३६. हे चौरस डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, पुस्तक वाचावे तसे मोजायचे. पुन्हा प्रत्येक चौरसाचे ५०० यार्डांचे चार उपभाग: वर डावीकडे लहान लिपीतील ए, उजवीकडे बी, खाली डावीकडे सी, उजवीकडे डी. शेवटी दोन अंक. उपभागाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून पूर्वेकडे किती दशांश गेलो, हा पहिला अंक. उत्तरेकडे किती दशांश गेलो, हा दुसरा.

उदाहरण घेऊ. पत्रक ३६-सी, एच.२५.सी.६.८. म्हणजे एच अक्षराचा भाग, त्यातील २५वा चौरस, त्याचा सी उपभाग, कोपऱ्यापासून पूर्वेला ३०० यार्ड आणि उत्तरेला ४०० यार्ड. पत्रकासकट सहा खुणांत जगातील एक जागा ठरली. आपण वर्गात शिकवतो ते निर्देशक भूमितीचे तत्त्वच येथे युद्धभूमीवर वापरले आहे.

मात्र एक दशांश म्हणजे ५० यार्ड, सुमारे ४६ मीटर. म्हणून हा पत्ता एका बिंदूचा नसून ४६ मीटर बाजूच्या चौरसाचा आहे. अधिक सूक्ष्मता हवी असेल तेव्हा प्रत्येक दिशेला दोन अंक देत. मग चौरस ५ यार्डांचा होई. मी स्वतः असा पत्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन अंकांची अदलाबदल केली, ६ उत्तरेला धरले आणि ८ पूर्वेला. पायथागोरसने हिशेब केला तेव्हा कळले, की मी सुमारे १४० यार्ड बाजूला जाऊन उभा होतो.

आणखी एक अडचण आहे. बेल्जियन पत्रके मीटरच्या हिशेबाने कापलेली, ३२ किलोमीटर रुंदीची. त्यांवर टाकलेली जाळी ३६,००० यार्डांची, म्हणजे ३२.९ किलोमीटरची. त्यामुळे शेजारच्या दोन पत्रकांच्या जाळ्या कडेला सलग जुळत नाहीत. एका पत्रकाचा हिशेब तसाच पुढे नेऊन दुसऱ्या पत्रकातील जागा काढायला गेलो तर फसगत ठरलेली.

एका अक्षराची किंमत

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे वाटू शकेल. त्याचे उत्तर एका कबरीच्या गोष्टीत आहे.

लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन आयरिश गार्ड्स पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये अधिकारी होता. २७ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत, चॉक पिट वुड नावाच्या झाडीजवळ तो नाहीसा झाला. त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. आईवडिलांनी पुढे अनेक वर्षे शोध घेतला, परत आलेल्या सैनिकांना भेटून विचारपूस केली. किपलिंग १९१७ साली युद्धकबर आयोगाचे सदस्य झाले. अनोळखी सैनिकांच्या दगडांवर कोरायचे शब्दही त्यांनीच सुचवले. १९३६ साली ते वारले. आपल्या मुलाची कबर कोणती, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

१९१९ साली रणभूमीवर मृतदेह शोधणाऱ्या पथकाला आयरिश गार्ड्सच्या एका लेफ्टनंटचा देह सापडला होता. ओळख पटली नाही, म्हणून त्याचे निनावी दफन झाले. सापडल्याची जागा कागदावर लिहिली होती: जी.२५.सी.६.८. पुढे १९९२ साली आयोगाने ही कबर जॉन किपलिंगची आहे असे ठरवले आणि दगडावर त्याचे नाव आले. यावर काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला. एक आक्षेप जॉनच्या हुद्द्याबद्दल होता, दुसरा जागेबद्दल.

जागेचा आक्षेप आपण स्वतः तपासू शकतो. जी हे दुसऱ्या ओळीतील पहिले अक्षर. त्यात ३६ चौरस, म्हणजे सहा ओळी. २५वा चौरस पाचव्या ओळीत अगदी डावीकडे. म्हणजे जी.२५ पत्रकाच्या पश्चिम कडेला येतो. हा भाग लढाईच्या आधीपासून ब्रिटिशांच्या ताब्यात, आघाडीच्या मागे होता. शत्रूच्या बाजूला पुढे जाऊन पडलेल्या अधिकाऱ्याचा देह इतक्या मागे कसा? पुढच्या अभ्यासकांनी यावर असे मांडले, की नोंद करणाऱ्याच्या हातून एचच्या जागी जी लिहिले गेले असावे. एच.२५.सी.६.८ ही जागा चॉक पिट वुडपाशीच येते.

जी आणि एच शेजारचे भाग आहेत. त्यांतील एकाच क्रमांकाच्या चौरसांत बरोबर ६,००० यार्डांचे, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरांचे अंतर आहे. पत्त्याची सूक्ष्मता ४६ मीटर आणि एका अक्षराची चूक साडेपाच किलोमीटर! हुद्द्याचा वाद या स्पष्टीकरणाने मिटत नाही आणि सगळ्यांचे एकमत झाले आहे असेही नाही. पण जागेचा आक्षेप केवळ एका अक्षरावर उभा होता, एवढे यातून दिसते.

मोजमापातील त्रुटींचे दोन प्रकार आपण प्रयोगशाळेत सांगतो. एक, उपकरणाच्या मर्यादेमुळे येणारी लहान त्रुटी. दुसरी, वाचण्यात किंवा लिहिण्यात झालेली ढोबळ चूक. पहिली कमी करण्यासाठी अधिक बारीक मोजतात. दुसरीवर बारीक मोजण्याचा काहीच उपाय चालत नाही. जी.२५.सी च्या पुढे आणखी दहा दशांश स्थळे लिहिली असती तरी ती जागा चुकीचीच राहिली असती. ढोबळ चूक पकडायला दुसरा स्वतंत्र पुरावाच लागतो. येथे तो बटालियन त्या दिवशी कुठे लढत होती या नोंदीतून मिळाला.

रेषा सरकते ती कशी?

आता लहान त्रुटींकडे वळू. एकेक त्रुटी क्षुल्लक वाटते, पण त्या साठतात.

पहिली छापील रेषेची. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवरचे ५ मीटर झाकते, १:२०,००० च्या नकाशावर १० मीटर. प्रत्यक्ष खंदक वरच्या बाजूला साधारण दीड-दोन मीटर रुंद असे. म्हणजे रेषा खंदकापेक्षा जाड आहे, हे सुरुवातीलाच मान्य करायचे.

दुसरी कागदाची. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि आडवा-उभा सारखा आखडत नाही. समजा, ५० सेंटिमीटर लांबीचा कागद शेकडा अर्ध्याने आखडला. फरक अडीच मिलिमीटरचा. १:१०,००० प्रमाणात जमिनीवर २५ मीटर.

तिसरी मूळ सर्वेक्षणाची. युद्ध सुरू झाले तेव्हा उत्तर फ्रान्ससाठी १:८०,००० प्रमाणाचा जुना फ्रेंच लष्करी नकाशा हाताशी होता. तो फुगवून मोठा केला की त्यातील चुकाही फुगत. दिसत नसलेल्या लक्ष्यावर तोफा डागायच्या तर असा नकाशा कामाचा नव्हता. म्हणून हॅरल्ड विंटरबॉथम यांच्यासारख्या सर्वेक्षकांनी त्रिकोणीकरणाचा आधार घेऊन आणि गावोगावचे जमीनमोजणीचे नकाशे वापरून पाया नव्याने घातला. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिशांचे तीन कोटींहून अधिक नकाशे छापून झाले होते. त्यांतील सुरुवातीचे आणि शेवटचे नकाशे सारख्याच विश्वासाने वाचणे योग्य नाही.

चौथी हवाई छायाचित्रांची. शत्रूच्या बाजूचे खंदक मोजपट्टी घेऊन मोजता येत नव्हते. ते विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून उतरवले जात. कॅमेरा जरा कलला की चित्र एका बाजूला ताणले जाते. कॅमेरा अगदी सरळ असला तरी उंचसखल जमिनीमुळे जागा सरकतात. विमान ३,००० मीटर उंचीवर असेल आणि चित्राच्या मध्यापासून १,००० मीटर दूरची टेकडी ३० मीटर उंच असेल, तर तिचा माथा साध्या प्रमाणाने १० मीटर बाहेर सरकलेला दिसेल. वर्गात टेबलावर खडूची पेटी उभी ठेवून, वरून एका डोळ्याने पाहून हे सहज दाखवता येते.

पाचवी प्रक्षेपणाची. पृथ्वी गोल, कागद सपाट. संत्र्याची साल सपाट करताना ती कुठेतरी फाटते किंवा ताणली जाते. बेल्जियन नकाशे बॉन यांच्या प्रक्षेपणावर होते. आजची उपग्रहचित्रे वेगळ्या आधारावर मांडलेली असतात. दोन पद्धतींनी सपाट केलेल्या साली एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत.

या त्रुटी एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांची साधी बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. समजा, तीन मुख्य त्रुटी १०, १५ आणि २० मीटरच्या आहेत. वर्गांची बेरीज ७२५, वर्गमूळ सुमारे २७. म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंना २७ मीटर धरायला हवेत. पट्टा झाला ५४ मीटरचा. हाच पट्टा १:१०,००० च्या नकाशावर काढला तर खंदकाची रेषा जवळजवळ साडेपाच मिलिमीटर जाड होईल! हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक पत्रकासाठी ते नव्याने काढावे लागतील. पण त्यांचा अर्थ महत्त्वाचा आहे. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधले अंतर कित्येक ठिकाणी ५० मीटरपेक्षाही कमी होते. तेथे दोन पट्टे एकमेकांवर चढतात, आणि आज शेतात उभे असलेली एखादी व्यक्ती ब्रिटिश खंदकाच्या जागी आहे की जर्मन, हे केवळ नकाशावरून सांगता येत नाही.

शून्य त्रुटीचा मोह

जुना नकाशा नव्यावर बसवताना दोन्हींत ओळखता येणारे बिंदू निवडतात: रस्त्यांचे चौक, चर्च, रेल्वेचे पूल. मग संगणक जुन्या नकाशाला सरकवून, फिरवून, लहानमोठा करून हे बिंदू शक्य तितके जुळवतो. जुळवल्यावरही प्रत्येक बिंदूपाशी थोडी तफावत उरते. चार बिंदूंवर ती १०, १२, ८ आणि ५० मीटर उरली असे समजा. वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतले तर साडेसव्वीस मीटर येते. हा एकच आकडा सांगितला तर ५० मीटरवाला बिंदू त्यात लपून जातो. शिक्षकाने नेमका तोच शोधायला हवा. तो चौक हलवला गेला आहे का? चर्च दुसऱ्या जागी पुन्हा बांधले आहे का? की आपणच चुकीचा चौक निवडला?

याहून मोठा मोह आहे तो नकाशा रबरासारखा ताणण्याचा. अशा पद्धतीत निवडलेला प्रत्येक बिंदू अगदी नेमका जागेवर नेता येतो आणि उरलेली तफावत शून्य दिसते. चित्र अतिशय सुबक वाटते. पण ही शून्य त्रुटी फक्त त्या बिंदूंपुरती असते. दोन बिंदूंच्या मधला भाग कसा ताणला गेला याबद्दल ती काहीच सांगत नाही. आलेखावरच्या सहाही बिंदूंतून जाणारी वेडीवाकडी रेषा काढून 'माझा प्रयोग बिनचूक' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण थांबवतो; येथेही तसेच थांबवायला हवे.

उपाय जुना आणि साधा आहे. सगळे बिंदू जुळवण्यात खर्च करू नयेत. काही पडताळणीसाठी राखून ठेवावेत. राखीव बिंदूंवर जी तफावत दिसते ती खरी. विद्यार्थ्याला घोकायला दिलेल्याच प्रश्नांवर परीक्षा घेतली तर त्याला विषय कळला की नाही ते समजत नाही, तसेच हे आहे.

युद्धभूमीवर चांगले बिंदू मिळवणेही सोपे नाही. गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि नंतर पुन्हा बांधली गेली. रस्ते बहुतेक जुन्याच जागी राहिले, पण शेतांचे बांध जमिनींच्या एकत्रीकरणात पुसले गेले. सोमच्या रणभूमीवरून आता महामार्ग आणि १९९३ साली सुरू झालेला वेगवान रेल्वेमार्ग जातो. नॉर्ड कालव्याचे काम १९१४ साली अर्धवट थांबले होते आणि तो १९६५ साली पूर्ण झाला. त्याचा आजचा काठ जुन्या नकाशाशी जुळवायचा तर आधी विचार करावा लागतो.

नकाशा काय सांगत नाही?

आतापर्यंत आपण रेषेच्या जागेबद्दल बोललो. पण पडद्यावर बसवलेल्या नकाशाची मोठी उणीव वेगळीच आहे. तो वाचणाऱ्याला असे वाटू देतो, की जे होते ते सारे येथे आहे.

या नकाशांच्या समासात खंदक कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त केले आहेत याची नोंद छापलेली असे. ती तारीख हा नकाशाचा प्राण आहे. खंदक खणले जात, ढासळत, सोडून दिले जात, पुन्हा वापरात येत. एका महिन्याचे पत्रक पुढच्या महिन्याच्या लढाईला लावणे म्हणजे गेल्या वर्षीच्या वेळापत्रकावर गाडी पकडायला जाणे. शेजारशेजारची पत्रके जोडून एकसंध चित्र केले की समास कापले जातात, आणि त्यांच्याबरोबर ही तारीखही नजरेआड होते.

दुसरी गोष्ट रंगांची. बराच काळ जर्मन खंदक लाल आणि ब्रिटिश निळे दाखवले जात. १९१८ साली फ्रेंच पद्धतीशी मेळ घालण्यासाठी हे रंग उलटे केले गेले. तारीख न पाहता रंगावरून बाजू ठरवणारा विद्यार्थी सपशेल चुकेल.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. नकाशा शत्रूच्या हाती पडू नये, पडलाच तर आपली रचना त्याला कळू नये, म्हणून सर्वत्र वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर ब्रिटिशांचे स्वतःचे खंदक बहुधा दाखवत नसत. फार तर पुढची एक रेषा असे. सविस्तर आवृत्ती गुप्त असे. मुले असा नकाशा पाहून म्हणतात, "जर्मनांचे एवढे खंदक आणि इंग्रजांचा एकच!" हा निष्कर्ष त्यांनी नकाशावरून बरोबर काढलेला असतो, नकाशा कोणी, कोणासाठी काढला हे आपण त्यांना सांगितलेले नसते.

आणि चौथी गोष्ट आपल्या जवळची. लूसच्या उत्तरेला चौदा-पंधरा किलोमीटरांवर नव शापेल हे गाव आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावावर जो हल्ला झाला त्यात ४७व्या शीख पलटणीबरोबर पुण्याजवळच्या खडकीच्या ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या होत्या. त्यांची जबर हानी झाली. हे सैनिक कुठल्या खंदकातून निघाले, कुठे पडले, हे शोधायला आज आपण संगणक उघडला तर हाताशी काय येते? १९१५ नंतरची पत्रके. ज्या यार्डांच्या जाळीबद्दल आपण बोललो ती पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती. मार्च १९१५ मध्ये याच गावाच्या लढाईसाठी हवाई छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे तयार झाले आणि त्या हल्ल्यात भारतीय सैन्यही होते. पण १९१५ अखेर भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवले गेले. मागे राहिले ते मुख्यतः घोडदळ. म्हणजे नकाशे जसजसे चांगले होत गेले तसतसे भारतीय पायदळ त्यांच्यातून बाहेर गेले.

नव शापेल येथे १९२७ साली भारतीय सैनिकांचे स्मारक उभे राहिले. ज्यांची कबर माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे त्यावर आहेत. त्यांच्यापैकी १९१४ च्या शरदात पडलेल्यांसाठी जी.२५ की एच.२५ असा वाद घालण्याइतकाही कागद बहुधा मिळत नाही. पडद्यावर नव शापेलभोवती दिसणाऱ्या लाल रेषा पाहून आपले जवान 'इथेच' लढले असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. त्या रेषा दुसऱ्या तारखेच्या आहेत.

खात्री कशाने होते?

मग ही पद्धत कुचकामी म्हणायची का? मुळीच नाही. नव शापेलपासून जवळच फ्रोमेल नावाचे गाव आहे. १९ जुलै १९१६ च्या लढाईत तेथे मारल्या गेलेल्या अनेक ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश सैनिकांचा पत्ता लागला नव्हता. जुन्या हवाई छायाचित्रांत फेझंट वुड या झाडीमागे खणलेले खड्डे दिसत होते. जर्मनांनी मृतांचे सामूहिक दफन तेथे केले असावे, असे काही चिकाटीच्या अभ्यासकांनी मांडले. केवळ छायाचित्रावर विसंबून कोणी कुदळ मारली नाही. लेखी नोंदी तपासल्या गेल्या, २००७ साली जमिनीची उपकरणांनी पाहणी झाली, २००८ साली थोडी चाचणी खोदाई झाली, आणि मग २००९ साली पूर्ण उत्खनन झाले. २५० सैनिकांचे अवशेष मिळाले. २०१० साली ते नव्या दफनभूमीत विधिपूर्वक पुरले गेले आणि डीएनए तपासणीच्या साहाय्याने अनेकांना त्यांची नावे परत मिळाली.

येथे जुने चित्र आजच्या जमिनीवर बसवणे ही पहिली पायरी होती, शेवटची नव्हती. छायाचित्र, लेखी नोंद आणि जमीन या तीन वेगळ्या साक्षीदारांनी एकच जागा सांगितली तेव्हा खात्री झाली. सोमच्या पांढऱ्या चुनखडीच्या प्रदेशात जमीन स्वतःही साक्ष देते. नांगरट झाली की बुजलेल्या खंदकांतील पांढरी माती वर येऊन फिक्या रेषा दिसतात. जंगलाखाली लपलेले खंदक विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी जमिनीची उंची मोजून शोधता येतात. अशा ठिकाणी नकाशाची रेषा आणि जमिनीवरची खूण यांतील अंतर थेट मोजता येते, आणि आपली रेषा किती जाड असायला हवी याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून देता येते.

म्हणून माझे मत असे. जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवून सर्वांना खुले करणे हे मोठे काम आहे, आणि ग्रंथालयांनी ते केले याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे. तक्रार आहे ती रेषेच्या बारीकपणाबद्दल. वर्गात हे साधन वापरताना प्रत्येक रेषेबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात: तारीख कोणती, नकाशा कोणी कोणासाठी काढला, आणि त्रुटी किती मीटरची धरायची. पडद्यावर त्या दिसत नसतील तर फळ्यावर लिहाव्यात.

वर्गात करून पाहा

यासाठी फ्रान्सच गाठायला हवे असे नाही. आपल्या परिसराचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा एखादा जुना नकाशा मिळवा आणि त्याच भागाच्या उपग्रहचित्राची छापील प्रत घ्या. दोन्हींत ओळखू येणाऱ्या आठ जागा शोधा: देऊळ, पूल, रेल्वेफाटक, रस्त्यांचा तिठा, तलावाची भिंत. त्यांपैकी पाच जागा ट्रेसिंग कागदावर घेऊन दोन्ही नकाशे प्रमाण साधून जुळवा. उरलेल्या तीन जागा तोवर झाकून ठेवा. मग त्या उघडून तफावत मिलिमीटरमध्ये मोजा आणि प्रमाणाने मीटरमध्ये बदला. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, हे पाहून मुले चकित होतात. शेवटी जुन्या नकाशावरची एखादी पायवाट किंवा ओढा नव्यावर उतरवायला सांगा, पण तेवढ्याच जाडीच्या खडूने. एखाद्या गटाची एकच जागा फार चुकली तर तिचे कारण शोधायला त्यांना त्या जागी पाठवा. देऊळ हलले असेल, नाहीतर मुलांनी दुसरेच देऊळ धरले असेल.

त्या शिक्षिकेला मी नंतर पत्र लिहिले. तिथे स्वतः खणू नये, कारण त्या शेतांत आजही जिवंत तोफगोळे निघतात, हे आधी कळवले. मग लिहिले, की रेषेवर नेमके खणले तर खंदक बहुधा सापडणार नाही; रेषेच्या दोन्ही बाजूंचा पन्नास-साठ मीटरचा पट्टा शोधला, आणि नकाशाची तारीख योग्य असली, तर सापडण्याची चांगली शक्यता आहे. त्यांचे उत्तर आले. त्यांनी वर्गात हा प्रयोग केला होता आणि त्यांच्या गावाच्या वेशीवरचा ओढा जुन्या नकाशापासून १२० मीटर सरकलेला दिसत होता. नकाशा चुकला की ओढा सरकला, हे ठरवायला पुढच्या रविवारी मुले गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला जाणार होती.